चिंक्वे तेर्रे, अण्णांच्या गुडघ्यांसकट

माझ्या नवऱ्याचं, मंदारचं, मिलानमधलं ऑफिसचं काम सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात संपणार होतं आणि त्याला जोडून सुट्टी काढायची हे आधीच ठरलं होतं. कुठे जायचं, यावर मात्र घरात बरीच ओढाताण झाली. मला समुद्र हवा होता. माझ्या वडिलांना, अण्णांना, चर्च आणि म्युझियम नको होती. "पुतळे बघायला एवढ्या लांब कशाला? माणसं कशी राहतात ते बघू," असं त्यांचं म्हणणं. अण्णा बहात्तर वर्षांचे. राजापूर तालुक्यात आमची थोडी कलमं आहेत, ती अजून तेच बघतात. दोन्ही गुडघे कुरकुरतात. सपाटीवर हवं तेवढं चाला, पायऱ्या जपून, असा डॉक्टरांचा हुकूम. आणि मी निवडलं इटलीच्या किनाऱ्यावरचं चिंक्वे तेर्रे. मंदारनं फोटो बघून एकच प्रश्न विचारला, "यात पायऱ्या सोडून काय आहे?"

व्हिसाबद्दल फार लिहीत नाही, ते रडगाणं सगळ्यांना पाठ आहे. आयटीआर, बँकेचं स्टेटमेंट, हॉटेलांची बुकिंग, किमान ३० हजार युरोंचं संरक्षण देणारा प्रवासविमा, आणि हे सगळं दोन-दोन प्रतींत. सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या विम्याचा हप्ता चांगलाच वाढतो, तेवढं आधी हिशेबात धरा.

मिलानहून ला स्पेत्सियाला थेट गाडीनं तीन-साडेतीन तास लागतात. जेनोवा मागे पडलं की रूळ समुद्राला चिकटून धावतात आणि मग बोगदे सुरू होतात. बोगदा, उजवीकडे क्षणभर निळं पाणी, पुन्हा बोगदा. अण्णा खिडकीशी बसले होते. समुद्र दिसला की चष्मा लावायचे, तोवर पुढचा बोगदा आलेला असायचा. शेवटी त्यांनी चष्मा लावूनच ठेवला.

चिंक्वे तेर्रे म्हणजे इटलीतल्या लिगुरिया प्रांताच्या किनाऱ्यावरची पाच गावं. ला स्पेत्सियाकडून निघालं तर क्रमानं रिओमाज्जोरे, मानारोला, कोर्निलिया, वेर्नात्सा आणि मोन्तेरोस्सो. १९९७ मध्ये युनेस्कोनं शेजारचं पोर्तोवेनेरे गाव आणि समोरच्या बेटांसह हा सगळा पट्टा जागतिक वारशाच्या यादीत घातला, १९९९ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं. डोंगर थेट समुद्रात उतरतो आणि गावांना जोडणारा सरळ किनारी रस्ता नाही. गाडी घेऊन जायचा विचार असेल तर सोडून द्या. गावात गाडी शिरत नाही आणि वरच्या वाहनतळाचे पैसे बघून जेवण गोड लागत नाही. इथं खरी वाहतूक रेल्वेची. जेनोवा ते ला स्पेत्सिया हा मार्ग १८७४ मध्ये पुरा झाला, त्याआधी इथल्या माणसाला बाहेर पडायचं तर एक तर होडी, नाही तर डोंगर चढून पलीकडे.

आम्ही मुक्काम ला स्पेत्सियात ठेवला, स्टेशनपासून चालत जाण्याजोग्या अंतरावर. पाच गावांत खोल्या महाग, लहान आणि बहुतेक चढावर. सुटकेस खांद्यावर घेऊन पायऱ्या चढणारी जोडपी नंतर आम्हाला रोज दिसली. ला स्पेत्सिया नौदलाचं शहर आहे. फोटो काढण्यासारखं कमी, पण सपाट रस्ते, साधी दुकानं, माणसांना परवडणारं जेवण. आमच्या घरमालकानं मात्र जाहिरातीत लिफ्ट आहे असं लिहिलं होतं. लिफ्ट होती, फक्त ती दुसऱ्या मजल्यापासून सुरू होत होती. म्हणजे तिथवर चढून जायचं आणि मग लिफ्टनं वर. अण्णांनी ती व्यवस्था बघून कंबरेवर हात ठेवले आणि म्हणाले, "अगो, ह्याने बिल्डिंग वरून खाली बांधली काय?"

पहिल्या सकाळी स्टेशनवरच्या उद्यानाच्या खिडकीवर कार्ड काढलं. या कार्डाचं गणित नीट समजून घ्यावं. लेवान्तो ते ला स्पेत्सिया या टापूतल्या लोकल गाड्या दिवसभर कितीही वेळा, तिकीट लागणाऱ्या पायवाटा, उद्यानाच्या बस आणि स्टेशनांवरची स्वच्छतागृहं, एवढं त्यात येतं. दर ऋतूप्रमाणे आणि वारांप्रमाणे बदलतात. एका दिवसाचं कार्ड साधारण २० ते ३३ युरोंच्या दरम्यान जातं. सत्तरीच्या वरच्यांना सवलत आहे, पासपोर्ट जवळ ठेवावा. हे महाग वाटतं, पण कार्ड नसेल तर पाच मिनिटांच्या एका फेरीलासुद्धा हंगामाप्रमाणे ५ ते १० युरो पडतात, त्यामुळे दिवसात तीनदा चढ-उतार करणार असाल तर विचारच करू नका. एक बारीक गोष्ट: कागदी तिकीट किंवा कार्ड पहिल्यांदा वापरण्याआधी फलाटावरच्या यंत्रात घालून शिक्का मारून घ्यावा लागतो. टीसी फिरतात आणि दंड जागेवर घेतात. आमच्या समोरच्या बाकावरचं एक अमेरिकन कुटुंब त्यात सापडलं. त्यांनी खूप हुज्जत घातली, टीसी शांतपणे पावती लिहीत राहिला.

सकाळी साडेसातच्या सुमाराच्या गाडीनं रिओमाज्जोरेला उतरलो. ला स्पेत्सियाहून हे अंतर रेल्वेनं सात-आठ मिनिटांचं. गावात अजून जाग येत होती. पावाच्या दुकानापुढे दोन बायका बोलत उभ्या, एका पोरानं मासळीच्या पेट्या हातगाडीवर घेतलेल्या. मुख्य रस्ता ओढ्यावर स्लॅब टाकून केलाय, पाणी अजून खालून वाहतं. घरं चार-पाच मजली, अरुंद, एकमेकांना टेकलेली, आणि खाली बंदरात धक्का म्हणावा एवढाही नसलेला एक उतार, त्यावर होड्या ओढून ठेवलेल्या. आम्ही तिथं बसून स्टेशनजवळून घेतलेला फोकाच्चा खाल्ला. फोकाच्चा म्हणजे ऑलिव्ह तेलात न्हालेली जाड पावाची पोळी, वर खडे मीठ. सकाळी सहाला भट्टीतून निघतो तो, नऊच्या आत खावा. दुपारचा तोच तुकडा चामड्यासारखा होतो आणि पर्यटकांना तो गरम करून दुप्पट किमतीला विकतात.

रिओमाज्जोरे ते मानारोला ही प्रसिद्ध वाट, विया देल्लामोरे, म्हणजे प्रेमाची वाट. रेल्वेच्या कामाच्या वेळी सुरुंगाची दारू गावापासून लांब ठेवायला कड्यात खोदलेल्या वाटेतून ती झाली आणि मग दोन्ही गावांतली प्रेमी मंडळी तिथं भेटू लागली. सप्टेंबर २०१२ मध्ये दरड कोसळून चार ऑस्ट्रेलियन पर्यटक बायका जखमी झाल्या आणि वाट बंद झाली ती थेट २०२४ मध्ये उघडली. आता आधीपासून वेळ आरक्षित करावी लागते आणि कार्डाव्यतिरिक्त वेगळे १० युरो. किलोमीटरभराचीही नाही. पण अण्णांसारख्यांसाठी दोन गावांमधली ही एकच वाट बिनपायऱ्यांची, म्हणून पैसे दिले. जाळ्या, छताचे सज्जे, कठडे, सगळं भक्कम. समुद्र सुंदर आहे यात वाद नाही. तरी इतक्या बंदोबस्तात चालताना विमानतळावरच्या रांगेची आठवण होते. मंदारला आवडली. मला ठीक वाटली.

मानारोलाचा तो जगप्रसिद्ध फोटो असतो ना, कड्यावर रंगीत घरांचा घोस, तो काढायची जागा बंदरापासून थोडं पुढे वळणावर आहे. आम्ही पोचलो तेव्हा नऊ वाजून गेले होते आणि तिथं फोटोसाठी रांग लागलेली. दहाच्या पुढे तर बघायलाच नको. ला स्पेत्सियाच्या बंदरात क्रूझची मोठाली जहाजं लागतात, त्यातून एकदम शेकड्यांनी माणसं उतरतात आणि झेंडीवाल्या गाइडमागून गाड्यांत चढतात. फलाट लहान, काही ठिकाणी तर अर्धी गाडी बोगद्यातच उभी राहते, दार उघडल्यावर काळोखातून चालत उजेडात यायचं. दहा ते चार हा वेळ या गावांमध्ये काढू नये, असं माझं स्पष्ट मत झालंय. सकाळ घ्या, संध्याकाळ घ्या. मधला वेळ कुठे घालवायचा, याचं उत्तर आम्हाला अण्णांमुळे मिळालं.

झालं असं की मानारोलाच्या बंदरात उभं राहून सगळे जण समुद्राकडे बघत होते आणि अण्णा पाठ फिरवून डोंगराकडे. गावाच्या डोक्यावर थेट आभाळापर्यंत टप्पे-टप्पे चढत गेलेले, प्रत्येक टप्प्याला दगडी भिंत. "हे गडगे कोणी घातले एवढे?" त्यांनी विचारलं. मग म्हणाले, "ही गावं कोळ्यांची नव्हेत हो मंदारराव. होड्या बघा किती आणि गडगे बघा किती."

मानारोलाच्या वरच्या अंगाला वोलास्त्रा नावाचं वस्तीवजा गाव आहे, साधारण सव्वातीनशे मीटर उंचीवर. पायी चढायचं तर पायऱ्यांनी जीव जातो, पण उद्यानाची लहान बस जाते आणि ती कार्डात येते. वळणं अशी की समोरून गाडी आली तर एकानं मागे जायचंच. बसमध्ये आमच्याशिवाय एक आजी होत्या, पिशवीत भाजी, आणि दोन जर्मन ट्रेकर. बस. खाली बंदरात धक्काबुक्की चाललेली आणि वर पंधरा मिनिटांवर ही शांतता. वोलास्त्राहून कोर्निलियाकडे वाट जाते ती सुरुवातीला बराच वेळ जवळजवळ सपाट, द्राक्षांच्या मळ्यांच्या कडेकडेनं. एका हाताला भिंत, दुसऱ्या हाताला वेली आणि त्यांच्या खाली एकदम समुद्र. वाट दोन पावलांची रुंद. भोवळ येणाऱ्यांचं काम नाही, पण गुडघ्यांना त्रास नाही.

द्राक्षांची तोडणी चालू होती. इथल्या वेली मांडवावर पसरलेल्या, पण मांडव कंबरेएवढाच, वाऱ्यापासून वाचवायला. त्यामुळे तोडणारा माणूस वाकून, कधी बसून, मांडवाखाली शिरतो. पेट्या भरल्या की त्या वर-खाली न्यायला एकच रूळ असलेली छोटी गाडी. दातेरी लोखंडी रूळ जमिनीपासून थोडा उंच बसवलेला, त्यावर लहानसं इंजिन आणि मागे ट्रॉली, उतार असा की बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. ही यंत्रं गेल्या शतकाच्या उत्तरार्धात आली, त्याआधी सगळं डोक्यावर आणि पाठीवर. इंजिनाचा फटफट आवाज डोंगरभर घुमतो. बसलेला माणूस मागे रेलून सिगरेट ओढत होता.

आणि मग एके ठिकाणी भिंत पडलेली होती आणि एक माणूस ती चढवत होता. साठीचा असावा. ढासळलेले दगड त्यानं आकाराप्रमाणे वेगळे मांडलेले: मोठे एका बाजूला, मधले दुसऱ्या, आणि मुठीएवढ्या चिपांचा ढीग. सिमेंट नाही, माती नाही, फक्त दगडावर दगड. अण्णा थांबले. मी म्हटलं, पुढे चला, उन्हं वाढतायत. ते हलले नाहीत. मंद आवाजात मला समजावत बसले. "खालचा थर बघ, जमिनीत रुतवलाय. भिंत सरळ नाही, डोंगराकडे कललेली आहे. मागे चिपा भरतोय तो पाण्यासाठी. पाणी अडलं की फुगवटा येतो आणि मग भिंत पोट काढून पडते. सिमेंट लावलं असतं तर दोन पावसाळे टिकली नसती." आमच्याकडे जांभ्याचा दगड, इथं वालुकाश्म. जांभा तासून हवा तसा करता येतो, हा दगड मिळेल त्या आकारात बसवायचा, म्हणजे कसब जास्त, असंही म्हणाले. त्या माणसाच्या हे लक्षात आलं की कोणीतरी कामाकडे बघतंय, त्याच्याकडे नाही. त्यानं मान डोलावली. एका खाचेत चिप हवी होती, तो ढिगात शोधत होता. अण्णांनी वाकून एक उचलून दिली. त्यानं ती खाचेपाशी धरून बघितली आणि बाजूला टाकली. अण्णांनी दुसरी दिली. तीही टाकली. मग अण्णांनी चष्मा पुसून, वेळ घेऊन तिसरी काढली, ती त्यानं हातोडीच्या दोन ठोक्यांत बसवली. मंदारनं फोटो काढायला फोन वर केला तर अण्णा करवादले, "ते काम चाललंय, तमाशा नाही."

या भिंती जवळपास हजार वर्षांत घातल्या गेल्या आणि एकापुढे एक ठेवल्या तर काही हजार किलोमीटर भरतील. २०१८ मध्ये युनेस्कोनं बिनमसाल्याच्या दगडी भिंती रचण्याच्या कलेला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, त्यात तेव्हा इटलीबरोबर क्रोएशिया, ग्रीस, स्पेन, स्वित्झर्लंडसकट आठ देश होते. पण आज इथल्या टप्प्यांपैकी थोडेच लागवडीखाली उरलेत. १८६० च्या दशकात ला स्पेत्सियात नौदलाची गोदी आणि कारखाना उभा राहिला, पगाराची नोकरी मिळू लागली, रेल्वे आली, नंतर फिलोक्सेरा किडीनं वेली खाल्ल्या. पोरं डोंगर उतरली ती चढलीच नाहीत. सोडून दिलेला टप्पा वरून हिरवा दिसतो, झुडपांनी भरलेला. फोटोत छान येतो. त्याच्या आत भिंत कुठे फुटलीय हे पाऊस आल्यावर कळतं.

ते कसं कळतं, हे वेर्नात्सात समजलं. पण आधी कोर्निलिया. हे पाचांतलं एकटंच गाव समुद्राच्या काठावर नाही, शंभरेक मीटर वर कड्यावर बसलंय. स्टेशनपासून गावापर्यंत लार्दारिना नावाचा विटांचा जिना, तेहेतीस वळणं आणि पावणेचारशेहून जास्त पायऱ्या. स्टेशनबाहेरून बस आहे. अण्णा बसनं गेले, आम्ही दोघं हौसेनं जिन्यानं. बसवाले आधी पोचले आणि आम्हाला वरून हात करत होते. गावात एक गल्ली, एक चौक, चांगलं आइस्क्रीम. बंदर नसल्यामुळे बोटवाले पर्यटक इथं येत नाहीत, तेवढंच सुख.

कोर्निलियाहून वेर्नात्साची पायवाट दीड-दोन तासांची, ती मी आणि मंदारनं केली, अण्णा गाडीनं पुढे गेले. वाटेवर चप्पल घालून शिरू नका. घसरून पडणाऱ्यांची सुटका करण्यात इतका खर्च व्हायला लागला की उद्यानानं २०१९ पासून अशांना दंड करायला सुरुवात केली. बूट हवेत, तळ पकड धरणारा हवा. ऑलिव्हची झाडं, खाली नारिंगी जाळ्या गुंडाळून ठेवलेल्या, फळं पडायची वेळ आली की त्या पसरतात. वाट शेवटी वळसा घेते आणि वेर्नात्सा एकदम पायाखाली दिसतं: अर्धगोल बंदर, पाण्याला टेकलेलं चर्च, डोंगरनाकावर दोरिया घराण्याच्या किल्ल्याचा गोल बुरूज. पाचांत देखणं हेच. इथं मी वाद घालायला तयार आहे.

अण्णा आम्हाला मुख्य रस्त्यावर एका किराणाच्या दुकानात सापडले. दुकानदारीण थोडं इंग्रजी बोलणारी, अण्णा थोडं इंग्रजी बोलणारे. तिनं फोनवर पुराचे फोटो उघडलेले. २५ ऑक्टोबर २०११. दुपारी काही तासांत एवढा पाऊस झाला की वरच्या टप्प्यांवरची माती, पडलेल्या भिंतींचे दगड, उन्मळलेली झाडं आणि वरच्या वाहनतळावरच्या मोटारी सगळं या एकाच रस्त्यानं समुद्राकडे निघालं. कारण हा रस्तासुद्धा ओढ्यावर बांधलेला. ओढा तुंबला आणि रस्त्यानंच वाहू लागला. चार मीटरपर्यंत गाळ साचला. वेर्नात्सात तिघांचा जीव गेला. मोन्तेरोस्सोलाही तडाखा बसला. तिनं दुकानाबाहेर येऊन हात वर करून दाखवलं, इथपर्यंत. तिचा हात पोचत नव्हता, म्हणून बोटानं पहिल्या मजल्याच्या खिडकीचा सज्जा दाखवला. पुढचा कितीतरी काळ गाव बंद होतं, लोक होडीनं बाहेर गेले, माती बादल्यांनी काढली. फोटोतलं दुकान म्हणजे दाराच्या वरच्या पट्टीपर्यंत चिखल आणि त्यातून बाहेर आलेलं पास्त्याच्या पाकिटाचं टोक. आज तिथंच लिंबं आणि वाइन मांडलेली.

अण्णांनी तिला विचारलं, भिंती कोण दुरुस्त करतं? ती म्हणाली, म्हातारे. आता पैसे देऊन, शिकवून थोडे तरुण येतात, बाहेरदेशांतून आलेलेही. मग तिनं शाक्केत्रा दाखवली. द्राक्षं महिना-दीड महिना सावलीत वाळवायची, त्यांचा जो थोडासा रस निघतो त्याची ही गोड वाइन. अर्ध्या लिटरपेक्षाही लहान बाटली, आणि किंमत वाचून मंदारनं ती दोन हातांनी परत ठेवली. अण्णा दारू पीत नाहीत. तरी त्यांनीच ती घेतली. "तो रूळ बघितलास ना? भिंत बघितलीस ना? मग महाग कुठे आहे?" यावर बोलायला काही शिल्लक नव्हतं.

जेवणाबद्दल. मंदार शाकाहारी आहे आणि लिगुरियात त्याचं फार बरं चाललं. पेस्तो इथलाच: तुळशीच्या कुळातली कोवळी बाझिल, चिलगोजे, लसूण, खडे मीठ, ऑलिव्ह तेल आणि किसलेलं चीज. तो त्रोफिए नावाच्या पिळदार पास्त्यावर घालतात, बरोबर बटाटा आणि फरसबी उकडून. काटेकोर शाकाहारी असाल तर एक सांगून ठेवते, पार्मेसान चीज वासराच्या जठरातून काढलेल्या रेनेटनं विरजतात, पेस्तोत ते असतंच. मंदारला हे मी तिथून परतल्यावर सांगितलं. अक्रोडाच्या सॉसमधले पान्सोती हे पालेभाजी भरलेले पास्त्याचे पुडे मात्र मला पेस्तोपेक्षा आवडले, त्यातही चीज आहेच. मोन्तेरोस्सोची ओळख म्हणजे अचुगे, अँकोव्ही नावाचे बारीक मासे. मिठात मुरवलेले, किंवा ताजे साफ करून लिंबाच्या रसात ठेवलेले. अण्णांनी एक ताट संपवलं, पावानं तेल पुसून घेतलं आणि दुसरं मागवलं. बिलात माणशी दोन-तीन युरो टेबलाचे लावतात, पाणीही विकतचं. पहिल्यांदा फसवणूक वाटते, पण रीतच आहे आणि मेन्यूत तळाशी लिहिलेली असते. कॉफी उभ्यानं काउंटरवर प्याली तर एक भाव, बसून प्याली तर दुसरा.

मोन्तेरोस्सो पाचांत मोठं आणि एकटं खरी पुळण असलेलं. जुनं गाव आणि नवं गाव, मध्ये बोगदा. जुन्या गावात काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं सान जोव्हान्नी चर्च, नव्या गावाच्या टोकाला १९१० मधला नेपच्यूनचा काँक्रीटचा अगडबंब पुतळा, दुसऱ्या महायुद्धात आणि नंतरच्या वादळात हात तुटलेला. ज्येष्ठांना घेऊन पाच गावांपैकीच एकात राहायचं असेल तर इथं राहा, बाकी कुठे नको. छत्री-खुर्चीचे पैसे मोजायचे नसतील तर पुळणीचा एक फुकट तुकडाही असतो, सकाळी लवकर गेलात तर जागा मिळते. पाणी स्वच्छ, पण वाळू जाडी आणि गोटे पायाला टोचतात.

बोटीनं पोर्तोवेनेरेला जायचं होतं, कारण समुद्रातून ही गावं बघणं वेगळंच. दोनदा धक्क्यावर जाऊन परत आलो. आभाळ निरभ्र, वारा नाही, आणि फळ्यावर बोटी रद्द. कोर्सिकाच्या बाजूनं उसळी येत होती, ती आपल्याला दिसत नाही, बोटीच्या नाकापुढची शिडी खडकाला लावताना मात्र कळते. अण्णांनी त्याची अजिबात तक्रार केली नाही. पाण्याशी हुज्जत घालू नये, एवढंच म्हणाले. शेवटी ला स्पेत्सियाहून बसनं पोर्तोवेनेरे गाठलं, सुळक्यावरचं सान पिएत्रो चर्च पाहिलं. तिथं लाटा कठड्यापर्यंत उडत होत्या, मग बोट का रद्द हे मंदारलाही पटलं.

राहिलेला दिवस आम्ही लेवान्तोला दिला आणि मला विचाराल तर सगळ्यांत मजेत तोच गेला. लेवान्तो चिंक्वे तेर्रेत मोडत नाही, तिच्या शेजारचं साधंसं किनारी गाव. सन १८७४ चा जुना रेल्वेमार्ग इथून बोनास्सोलामार्गे फ्रामुरापर्यंत अगदी समुद्राच्या कडेनं जात होता. पुढे गाड्या आतल्या नव्या बोगद्यांतून धावू लागल्या आणि जुन्या मार्गाचे रूळ काढून तिथं चालायची नि सायकलची वाट केली. पाचएक किलोमीटर, रेल्वेचीच असल्यामुळे टेबलासारखी सपाट. दिवे लावलेले गार बोगदे आणि मध्येमध्ये भोकांतून समुद्र. तिकीट नाही, रांग नाही, सायकलवरून शाळेतून परतणारी पोरं आणि बाजाराच्या पिशव्या घेतलेल्या बायका.

एवढे दिवस बस आणि गाडीनं पुढे पाठवलेले अण्णा त्या दिवशी आमच्या पुढे चालत होते. बोनास्सोलात पोचल्यावर एका भट्टीवाल्याकडे फारिनाता मिळाली. चण्याचं पीठ, पाणी, मीठ, ऑलिव्ह तेल, तांब्याच्या परातीत घालून लाकडाच्या भट्टीत भाजलेली, वर मिरपूड. कागदात गुंडाळून देतात. मंदारनं विचारलं, परत गाडीनं जाऊया का, स्टेशन इथंच आहे. अण्णा कागदाला हात पुसत म्हणाले, "तुम्ही थकला असाल तर गाडीनं या, मंदारराव. मी आणि ही चालत जातो."